टेंडरमधली मेलेली बॅटरी

अमेरिकेतल्या ओ गेजच्या मॉडेल रेल्वेत इंजिन बॅटरीवर धावत नाही. वीज रुळांतूनच येते. मधला रूळ हे एक टोक, बाहेरचे दोन रूळ हे दुसरे टोक, आणि ट्रान्सफॉर्मरमधून मिळणारा साधारण १८ व्होल्टपर्यंतचा एसी दाब. तरीही मेरीलँडमधल्या एमटीएच कंपनीच्या प्रोटो-साउंड मालिकेतील पहिल्या दोन पिढ्यांच्या इंजिनांच्या पोटात एक लहान रिचार्जेबल बॅटरी असते. पहिली पिढी १९९० च्या दशकातली, दुसरी २००० सालापासूनची. वाफेच्या इंजिनात ही बॅटरी टेंडरमध्ये, म्हणजे कोळशा-पाण्याच्या जोडडब्यात असते. डिझेलच्या मॉडेलमध्ये ती बॉडीखाली दडलेली असते. पहिल्या पिढीत आणि दुसऱ्या पिढीच्या सुरुवातीच्या बोर्डांत ती ८.४ व्होल्टची, नेहमीच्या चौकोनी ९ व्होल्ट बॅटरीच्या आकाराची. नंतरच्या बोर्डांत २.४ व्होल्टची, दोनच सेलची.

रुळांत वीज असताना बॅटरी कशाला, याचे उत्तर दिशा बदलण्याच्या जुन्या रीतीत आहे. एसी प्रवाहाच्या दोन तारा उलटसुलट केल्या तरी गाडीची दिशा बदलत नाही. म्हणून तीन रुळांच्या गाड्यांत क्षणभर वीज तोडून इंजिनाला इशारा द्यायची पद्धत पडली: पहिल्यांदा तोडली की पुढे, मग थांबा, मग मागे, पुन्हा थांबा. इंजिनात फक्त यांत्रिक रिले होता तोवर या क्षणभराच्या अंधाराचे कुणाला काही वाटत नव्हते. इंजिनात आवाजाचा बोर्ड आला तेव्हा मात्र प्रत्येक वेळी वाफेचा सुस्कारा मधेच तुटू लागला. बॅटरी तो खंड भरून काढते. गाडी बंद केल्यावर काही सेकंद इंजिन शांत होत जाण्याचे आवाज ऐकू येतात तेही तिच्याच जोरावर, आणि त्याच काही सेकंदांत बोर्ड आपली सेटिंग्ज मेमरीत लिहून ठेवतो.

बॅटरी मेली की लक्षणे याच क्रमाने दिसतात. वीज तुटताच आवाज बंद पडतो. दिशेचा क्रम दर वेळी पहिल्यापासून सुरू होतो. आवाजाची पातळी आणि इंजिनाचा क्रमांक लक्षात राहत नाही. पहिल्या पिढीच्या बोर्डांत लिहिण्याचे काम अर्धवट राहिले तर मेमरीची चिपच बिघडते, आणि मग नुसती बॅटरी बदलून भागत नाही. म्हणून प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही: मेलेली बॅटरी पुन्हा जिवंत करावी, की काढून दुसरी घालावी?

यावर हौशी मंडळींत दोन तट आहेत. पुढील संवादात दोन्ही तट एकाच घरातले आहेत. काका पुण्यात रेडिओदुरुस्ती शिकून न्यू जर्सीत स्थायिक झालेले, बेसमेंटभर रूळ मांडलेले. पुतण्या इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर, सुट्टीला आलेला. मधे मधे जे विवेचन येते ते दोघांपैकी कुणाचे नाही.

पुतण्या : काका, ही बॅटरी गेलीये. ट्रान्सफॉर्मरचं हँडल शून्यावर आणलं की घंटा जागच्या जागी मुकी होते. नवीन मागवून टाकू.

काका : थांब जरा. गेलीये म्हणजे काय झालंय? रिकामी आहे की मेलीये? हे इंजिन गेल्या दिवाळीपासून खोक्यात होतं. वर्षभर खोक्यात पडून कुठल्या बॅटरीत काही उरतं?

पुतण्या : मीटर लावला की कळेल.

काका : नुसता मीटर लावलास तर तो तुला फसवेल. चार्ज करून काढलेली कुठलीही बॅटरी मीटरवर तरुणच दिसते. तिच्यावर ओझं टाक, मग बघ.

काकांचे हे म्हणणे शब्दशः खरे आहे. निकेल जातीच्या सेलचा नाममात्र दाब १.२ व्होल्ट असतो. असे ७ सेल एकापुढे एक जोडले की ८.४ व्होल्ट होतात. पूर्ण चार्ज झाल्या झाल्या दर सेलमागे दाब १.४ व्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे पॅकवर साडेनऊ-पावणेदहा व्होल्टही दिसू शकतात. हा आकडा बॅटरीच्या तब्येतीबद्दल फारसे सांगत नाही. १०० ओहमचा, १ वॉटचा रेझिस्टर टोकांवर लावला तर सुमारे ८४ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, आणि खरी स्थिती उघडी पडते. दीडशे मिलिअँपिअर-तास क्षमतेचा निरोगी पॅक हे ओझे दीड तासाहून जास्त वाहतो. मिनिटभरात ७ व्होल्टच्या खाली घसरला, तर आत काहीतरी निकामी झाले आहे.

आणखी एक आकडा ओळखून ठेवण्याजोगा आहे. चार्ज करून काही तास बाजूला ठेवलेल्या पॅकवर ७.२ च्या आसपासच दाब मिळत असेल, तर बहुधा सातांपैकी एक सेल आतून शॉर्ट झाला आहे आणि सहा जण गाडा ओढत आहेत. तेवढ्याने पॅक पूर्ण गप्प होत नाही. पण बोर्डाला लागणारा दाब आता कडेलोटावर असतो, आणि इंजिन कधी नीट वागते, कधी वागत नाही. असा अधूनमधून उद्भवणारा दोष शोधताना माणसे बोर्डापर्यंत पोचतात, मोटर उघडतात, चाकांची पुसापुशी करतात. रोग सातातल्या एका सेलमध्ये असतो.

पुतण्या : बरं, ओझं टाकलं. अर्ध्या तासात बसली. म्हणजे क्षमता चाळीसच्या घरात. दीडशेची चाळीस झालेली बॅटरी कोण ठेवेल?

काका : मी ठेवीन. तिला करायचं काय आहे? दहा सेकंद घंटा वाजवायची. त्याला चाळीस मिलिअँपिअर-तास उदंड झाले. तू मोबाइलच्या हिशेबानं बोलतोयस. मोबाइलची बॅटरी निम्मी झाली तर संध्याकाळी फोन बंद पडतो. इथं संध्याकाळ दहा सेकंदांची आहे.

पुतण्या : क्षमतेचा मुद्दा मान्य. पण म्हातारी बॅटरी नुसती लहान होत नाही, तिचा अंतर्गत रोधही वाढतो. शिटी वाजली की प्रवाहाला एकदम झटका बसतो, दाब खाली कोसळतो, आणि नेमक्या त्याच वेळी बोर्ड मेमरीत लिहीत असतो. तुमचे ८४ मिलिअँपिअर हे फार सौम्य ओझं आहे. अर्धा अँपिअर मागून बघा, मग काय होतं ते सांगा.

काका : तेही बघू. पण आधी तिला एक संधी दे.

ही संधी कशी द्यायची, हे बॅटरी कशाने गेली यावर अवलंबून आहे. आणि इथे दोन्ही तटांचे बहुतेक वाद कारणे एकत्र कालवल्यामुळे होतात. निकेल-कॅडमियम सेल स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ साली तयार केला. त्यात एका बाजूला निकेलचे संयुग, दुसऱ्या बाजूला कॅडमियम, आणि मधे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण असते. पहिले कारण नुसते पडून राहणे: खोलीच्या तापमानाला तो महिन्याला साधारण १० ते २० टक्के आपोआप रिता होतो. हा मृत्यू नव्हे. नुसता रिता झालेला निकेल-कॅडमियम पॅक बऱ्याचदा सावकाश चार्ज केल्यावर उठून बसतो. निकेल-मेटल हायड्राइड जातीचा सेल दीर्घ विश्रांतीनंतर अधिक आळसावतो. पहिल्या चार्जला तो अर्धीच क्षमता दाखवतो आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर पूर्वपदाच्या जवळ येतो.

दुसरे कारण जास्त घातक. सातही सेल कधीच तंतोतंत सारखे नसतात. पॅक तळाला जाताना सर्वांत अशक्त सेल आधी रिकामा होतो, पण उरलेले सहा अजून प्रवाह ढकलत असतात. तो प्रवाह रिकाम्या सेलमधून उलट्या अंगाने जातो, त्याचे धन टोक ऋण होते, आत वायू तयार होतो, आणि झाकणातून थोडे द्रावण निसटते. पुढच्या वेळी तोच सेल आणखी लवकर रिकामा होतो. एकदा मागे पडलेला सेल असा दर फेरीला मागे पडत जातो, आणि पॅकचे आयुष्य त्या एका सेलच्या आयुष्याइतके उरते.

तिसरे कारण कॅडमियमचे केस. जुन्या सेलमध्ये कॅडमियमचे अत्यंत बारीक तंतू वाढतात, मधल्या पडद्याला भोक पाडून पलीकडे टेकतात, आणि सेल आतल्या आत शॉर्ट होतो. चौथे, द्रावण सुकणे. सतत जास्त चार्ज होत राहिलेल्या किंवा उन्हाळ्यात माळ्यावर शिजलेल्या बॅटरीत हे होते, आणि यावर औषध नाही. गेलेले पाणी परत घालता येत नाही.

या सगळ्यांत ज्याचे नाव सर्वांत जास्त घेतले जाते तो ‘मेमरी इफेक्ट’ खेळण्यातल्या इंजिनात जवळजवळ नसतोच. दर वेळी नेमके तेवढेच डिस्चार्ज आणि तेवढेच चार्ज, असे शेकडो वेळा घडावे लागते. पृथ्वीभोवती ठरलेल्या वेळापत्रकाने फिरणाऱ्या उपग्रहांत ते घडते. महिन्यातून दोनदा धावणाऱ्या इंजिनात ते कुठून घडणार? तरी दुकानदारापासून जाणत्या हौशीपर्यंत सगळे बॅटरीचे मरण त्याच्याच नावावर लिहितात.

काका : तर माझी रीत अशी. पॅक इंजिनातून बाहेर काढायचा. क्षमतेच्या दहाव्या हिश्श्यानं, म्हणजे दीडशेला पंधरा मिलिअँपिअरनं, चौदा ते सोळा तास चार्ज करायचा. मग रेझिस्टरवर उतरवायचा, पण सातच्या खाली जाऊ द्यायचा नाही.

पुतण्या : सेलमागे एक व्होल्ट.

काका : बरोबर. त्याखाली गेलं की अशक्त सेलमधून उलटा प्रवाह सुरू. अशा तीन फेऱ्या. दर फेरीला किती मिनिटं टिकली ते लिहून ठेवायचं. वाढत गेली तर जगली. तिसऱ्या फेरीलाही तिथंच राहिली तर मी तिच्यापुढे नारळ फोडत बसत नाही.

पुतण्या : पण बाहेर कशाला काढायची? दुसऱ्या पिढीच्या इंजिनांना खालून चार्जिंगचं भोक दिलेलं आहे की.

काका : ते चांगल्या बॅटरीसाठी. जिच्यावर संशय आहे ती बोर्डाशेजारी ठेवून रात्रभर चार्ज करायची नाही. ती गळली तर?

ही सावधगिरी काकांच्या तटातले सगळेच पाळत नाहीत, आणि नुकसान होते ते इथे. गळणारे द्रावण अल्कली असते. हवेशी संयोग होऊन त्याची पांढरी भुकटी टोकांवर साठते. पुढे ती तारेच्या आतून सरकत जाते आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा हिरव्या पडतात. टोकांवर पांढरे दिसले की पॅक वाचवण्याचा विचार तिथेच सोडावा आणि लक्ष बोर्डाकडे वळवावे. अल्कलीला उतारा सौम्य आम्लाचा: कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन डाग पुसायचा, मग शुद्ध पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळू द्यायचे. हातमोजे हवेतच. जोडाची क्लिप काळवंडली असेल तर ती तारेसकट बदलावी. आतून सडलेली तार बाहेरून धडधाकट दिसते.

पुतण्या : आणि ते तुमचं झटका देणं? कॅपॅसिटर भरून बॅटरीवर मारायचा म्हणे, की आतला केस जळून जातो.

काका : जळतो. मी रेडिओच्या काळात केलंय. शून्य व्होल्टवर पडलेला सेल टिचकीसरशी उठतो.

पुतण्या : सुटा सेल, काका. इथं सात सेल पत्र्याच्या एका डबीत वेल्ड केलेत. झटका द्यायचा म्हटलं तर साती जणांतून जाणार. एकाच्या पोटातला केस जाळायला सहा निरोगी जणांना विजेचा फटका.

काका : डबी उघडता येते.

पुतण्या : येते. मग केस जळेल, पण पडद्याला पडलेलं भोक तसंच. महिन्याभरात त्याच वाटेनं दुसरा केस येईल.

इथे पुतण्याचा मुद्दा निर्णायक आहे. झटक्याने शॉर्ट निघतो, पण शॉर्ट होण्याचे कारण निघत नाही. शिवाय हा उपाय मुळात निकेल-कॅडमियमपुरता. निकेल-मेटल हायड्राइडमध्ये कॅडमियमच नसल्याने जाळण्यासारखे काही नसते, आणि बंद सेलमध्ये एकदम ऊर्जा ओतून तो फुटण्याची शक्यता मात्र उरते. सातांतला एकच मेलेला सेल काढून नवा घालण्याची कल्पनाही अशीच फसवी. नवा सेल तगडा, बाकीचे सहा थकलेले. पॅक तळाला गेला की त्या सहांतला सर्वांत दुबळा उलटा होणार, आणि पुन्हा तोच खेळ.

मग बदलायचे ठरले तर काय घालायचे? हा प्रश्न सोपा वाटतो, आणि तसे वाटण्यातच धोका आहे. ९ व्होल्ट आकाराच्या रिचार्जेबल बॅटऱ्या बाहेरून एकसारख्या दिसतात, पण कुणाच्या आत सहा सेल असतात, कुणाच्या सात, कुणाच्या आठ, म्हणजे ७.२, ८.४ किंवा ९.६ व्होल्ट. प्रोटो-साउंडच्या ८.४ व्होल्टच्या बोर्डाला सातच्याच हव्यात. सहाच्या पॅकवर मेमरी लिहिण्यापुरता दाब कमी पडतो. आठचा पॅक बोर्डाच्या चार्जिंगला कधी पूर्ण भरत नाही. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत काय छापले आहे ते न पाहता बारीक अक्षरांतला दाब वाचावा.

याहून मोठी चूक साध्या, चार्ज न होणाऱ्या अल्कलाइन बॅटरीची. ती त्याच क्लिपवर बसते, इंजिन लगेच बोलू लागते, आणि माणूस खूश होतो. पण रुळांत वीज आली की बोर्ड तिला चार्ज करू पाहतो; ती तापते, फुगते, गळते. गोंधळ वाढतो तो लायोनेल कंपनीच्या इंजिनांमुळे. तिच्या रेलसाउंड्स प्रणालीत हाच आवाजाचा खंड भरायला साधी ९ व्होल्टची अल्कलाइन बॅटरीच घालायची असते. एकाच कपाटात दोन्ही कंपन्यांची इंजिने, आकार एक, क्लिप एक, नियम मात्र उलटे.

काका : मी बदलतो तेव्हा विकतचा पॅक घेत नाही. आपोआप फारसे रिते न होणारे ट्रिपल-ए आकाराचे सात सेल एकापुढे एक जोडतो. टेंडरात जागा भरपूर असते. वर्षभर पडून राहिले तरी बराचसा चार्ज धरून ठेवतात.

पुतण्या : हे मला पटतं. सॅन्योनं २००५ मध्ये एनेलूप आणली, तेव्हापासून निकेल-मेटल हायड्राइडचं हे जुनं दुखणं बरंच कमी झालंय. पण बोर्डाचा चार्जिंग प्रवाह दीडशेच्या पॅकसाठी बेतलेला असतो. आठशेचा पॅक भरायला किती वेळ लागेल?

काका : लागू दे. सावकाश भरला तर बिघडत काही नाही. मी बाहेर भरूनच आत घालतो. चूक होते ती दुसरीकडेच. सेलवर थेट सोल्डर करायचं नाही. उष्णतेनं आतलं सील जातं. पट्ट्या वेल्ड केलेले सेल आणायचे. आणि क्लिपचा रंग.

पुतण्या : रंगाचं काय?

काका : पॅकच्या टोकाला तू साधीच क्लिप लावणार ना, लाल-काळ्या तारांची? ती बॅटरीवर बसायला बनवलेली असते, बॅटरी व्हायला नाही. इंजिनातली क्लिप तिच्यासमोर आली की धन-ऋण उलटतं. म्हणून पॅकचं धन टोक काळ्या तारेला आणि ऋण लाल तारेला जोडायचं. तार बघून जोडलास की बोर्ड संपला. मीटर लावून, बॅटरीवरच्या लहान गोल बोंडाशी ताडून बघितल्याशिवाय क्लिप दाबायची नाही.

ही सूचना कितीही विचित्र वाटली तरी अचूक आहे, आणि घरी पॅक बनवणाऱ्याने ती दोनदा वाचावी.

पुतण्याच्या मनात मात्र तिसराच पर्याय आहे: बॅटरीच नको. सुपरकपॅसिटर बॅटरीच्या आकाराच्या डबीत बसवून तिच्या जागी घालण्याची सोय हौशींच्या बाजारात झाली. अमेरिकेत तिला ‘बीसीआर’ म्हणतात. पुढे प्रोटो-साउंड ३ मध्ये खुद्द कंपनीनेही बॅटरी काढून सुपरकपॅसिटर घातले.

पुतण्या : हिशेब करू. दीडशे मिलिअँपिअर-तासांच्या पॅकमध्ये साधारण साडेचार हजार जूल ऊर्जा असते. समजा १० फॅरडचे, २.७ व्होल्टचे चार सुपरकपॅसिटर एकापुढे एक जोडले. मिळून अडीच फॅरड. दाब ९ वरून ६ पर्यंत उतरेपर्यंत त्यातून छप्पन जूलच मिळतात.

काका : साडेचार हजार कुठं आणि छप्पन कुठं!

पुतण्या : पण अर्धा अँपिअर, सरासरी साडेसात व्होल्ट, म्हणजे पावणेचार वॉट. छप्पन जूल पंधरा सेकंद पुरतात. तुम्हीच म्हणालात ना, इथं संध्याकाळ दहा सेकंदांची आहे.

काका : माझंच वाक्य माझ्यावर! बरं, पण तुझा कपॅसिटर रोज सकाळी उपाशी उठतो. गाडी रुळावर ठेवली, लगेच दिशा बदलायला गेलो, तर तो रिकामाच असणार.

पुतण्या : मिनिटभर वीज देऊन उभं ठेवायचं. मग निघायचं.

काका : आणि माझ्यासारखे लोक हँडल कमी ठेवून गाडी रांगवतात, तेव्हा रुळांतला दाबच कमी असतो. मग तो सावकाश भरणार. भरीला चार कपॅसिटर ओळीत लावलेस तर दाब सगळ्यांत सारखा वाटला जाईलच असं नाही. एकावर तीन व्होल्ट पडले की तो गेला.

पुतण्या : म्हणून प्रत्येकाला समांतर रेझिस्टर लावतात, दाब सारखा वाटायला.

या वादात तांत्रिक बाजूने पुतण्याचे पारडे जड आहे. सुपरकपॅसिटरमध्ये रासायनिक क्रियेने झिजण्यासारखे फार थोडे असते. इंजिन वर्षभर खोक्यात राहिले तरी तो रिकामा होण्यापलीकडे त्याचे काही बिघडत नाही. आणि बोर्डावर सांडणारी अल्कली त्यात नसतेच. ज्याची इंजिने बहुतेक काळ कपाटात असतात त्याला याहून योग्य उपाय नाही. रोज गाडी चालवणाऱ्याला चांगला सात सेलचा पॅक तितकाच योग्य. काकांचा पुनरुज्जीवनाचा खटाटोप या इंजिनांत निदानासाठी मोलाचा आहे. उपचार म्हणून त्याची शिफारस करणे कठीण, कारण वाचते ते एका पॅकचे मोल आणि पणाला लागतो तो बोर्ड, ज्याचा जोड आता सहज मिळत नाही.

मात्र इंजिन बॅटरीवरच धावत असेल तर सगळा हिशेब पालटतो. बागेतल्या मोठ्या मॉडेल रेल्वेत, ४५ मिलिमीटर गेजच्या रुळांवर, असे घडते. उघड्यावरचे रूळ पावसाने, दवाने, पानांनी सतत काळवंडतात. म्हणून अनेक जण रुळांतली वीज सोडून देतात आणि इंजिनात किंवा मागच्या डब्यात १२ सेलचा, १४.४ व्होल्टचा पॅक घालून रेडिओने गाडी चालवतात. इथे बॅटरीला दहा सेकंद नव्हे, तासभर ओढायचे असते. छप्पन जूलचा कपॅसिटर इथे कामाचा नाही, आणि चाळीसवर आलेली क्षमताही चालत नाही.

काका : इथं मात्र मी जिंकतो. हे सेल सुटे असतात, पट्ट्या दिसतात, प्रत्येकावर मीटर ठेवता येतो. तीन जुने पॅक उघडायचे, प्रत्येक सेल वेगळा चार्ज करायचा, एक व्होल्टपर्यंत वेगळा उतरवायचा, मिनिटं मोजायची. ज्यांची मिनिटं जवळजवळ सारखी त्यांची एक टोळी. तीन मेलेल्या पॅकांतून एक जिवंत निघतो.

पुतण्या : निघतो, हे मी नाकारत नाही. जोड्या जुळवल्यात म्हणून निघतो. पण मी तिथं लिथियमचे चार सेल घालीन. १४.८ व्होल्ट, निम्म्याहून कमी जागा.

काका : आणि वजन? बारा निकेलचे सेल मिळून साडेसहाशे ग्रॅम भरतात. तुझे चार दोनशेही नाहीत. अर्धा किलो गेलं की चाकं रुळावर घसरतील. चढावर डबे मागे खेचतील.

पुतण्या : शिशाचं वजन घालू.

काका : म्हणजे जागा वाचवायला लिथियम आणि वाचलेल्या जागेत शिसं!

विनोद सोडला तर काकांचे म्हणणे रास्त आहे. मॉडेल इंजिनाची ओढ चाकांवरच्या वजनावर ठरते, आणि मूळ रचना करणाऱ्याने जड बॅटरी गृहीत धरलेली असते. पण लिथियमकडे जाताना वजनाहून मोठी काळजी चार्जरची. निकेलचा चार्जर दाब किंचित घसरला की पॅक भरला असे समजतो. लिथियम सेल ४.२ व्होल्टला थांबवावा लागतो, म्हणजे चारांच्या पॅकला १६.८ वर, तिथे तो घसरत नाही, आणि निकेलचा चार्जर थांबत नाही. पुढे काय होते ते बेसमेंटमध्ये घडू नये. म्हणून पॅकला संरक्षक सर्किट, चार्जर लिथियमचाच, आणि निकेलच्या चार्जरचे टोक त्या इंजिनात बसणारच नाही असे वेगळे सॉकेट, या तिन्ही गोष्टी एकदमच कराव्या लागतात.

पुतण्या : आणि लिथियम मेला तर? त्यालाही तीन फेऱ्यांची संधी?

काका : नाही. तिथं मी हात जोडले.

पुतण्याला यावर बोलायला काही उरत नाही; कारण दोघांनाही ठाऊक आहे. लिथियम-आयन सेल फार खोल, साधारण २ व्होल्टच्या खाली, बराच काळ राहिला तर ऋण बाजूच्या तांब्याच्या पत्र्यातले तांबे विरघळू लागते. चार्ज केला की ते भलत्या जागी परत जमते आणि आत शॉर्टचे बीज पडते. सेल वरकरणी चार्ज घेतो, गाडी दोन-चार वेळा धावतेही, आणि मग एखाद्या चार्जिंगला तो पेटतो. संरक्षक सर्किटने पॅक बंद केला असेल तर बाहेरून मिळणारा शून्य दाब सेलचा की सर्किटचा, हे तपासणे वेगळे. सेलच खाली गेला असेल तर त्याला उठवण्याचा कुठलाही घरगुती उपाय करू नये.

उरते ती मेलेल्या बॅटरीची विल्हेवाट. कॅडमियम विषारी आहे. जपानमध्ये जिन्झू नदीच्या काठी खाणीतल्या कॅडमियमने लोकांची हाडे ठिसूळ केली, तो आजार ‘इताई-इताई’ या नावाने ओळखला जातो. अमेरिकेत रिचार्जेबल बॅटऱ्या परत गोळा करण्यासंबंधीचा कायदा १९९६ सालचा आहे. युरोपीय संघाने २००६ च्या निर्देशाने घरगुती वापरातल्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांवर, काही अपवाद सोडून, बंदी आणली. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी बॅटरी परत घेऊन तिच्यातील धातू पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून जुना पॅक ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रात द्यावा. ९ व्होल्ट आकाराच्या पॅकची दोन्ही टोके एकाच बाजूला, बोटभर अंतरावर असतात. डब्यात किल्ली किंवा दुसरी बॅटरी टेकली तरी शॉर्ट होतो. त्यामुळे तो द्यायला नेण्याआधी दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी, आणि लिथियमचा सेल असेल तर तो वेगळ्या पिशवीत न्यावा.